कवळीमामा आणि नवरदेवाचं जेवण

मी त्या माशाला जवळजवळ मारलंच होतं, आणि तेही लाडाने. हे आधीच कबूल केलेलं बरं. पुढे मी कवळीमामांचं कौतुक करणार आहे, आणि दुसऱ्याचं कौतुक करताना स्वतःची चूक पदराआड ठेवली की त्या कौतुकाला चव राहत नाही. एरवी मला पुष्कळ काही झाकता येतं. दातांच्या दवाखान्यात सोळा वर्षं स्वागताच्या टेबलामागे बसलेली बाई आहे मी. "पाच मिनिटांत आत बोलावतील हं," हे वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा म्हणते आणि एकदाही हसू फुटू देत नाही.

मासा आणायची कल्पना आमच्या डॉक्टरबाईंची. मासा पोहताना बघितला की पेशंटची भीती कमी होते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. एका सोमवारी त्या काचेची एक उभट बरणी, बरणीत एक मासा आणि दाण्यांचा एक डबा घेऊन आल्या. बेटा जातीचा मासा. दुकानदार त्याला फायटर म्हणतात. अंग बोटाच्या दोन पेरांएवढं, रंग गडद निळा, आणि पंखांचा लाल घोळ एवढा की याला पाय असते तर स्वतःच्याच घोळात अडखळून पडला असता. वाट बघत बसलेले एक आजोबा त्याला बघून म्हणाले, "हा तर नवरदेव!" आणि ते नाव चिकटलं. याच्या शेजारी दुसरा नर ठेवू नका, एवढी एकच सूचना दुकानदाराने दिली होती. जेवणाचं विचारलं तर म्हणाला, डबा दिलाय ना, टाका रोज दाणे.

आता या नवरदेवाचा स्वभाव असा, की बरणीसमोरून कोणीही गेलं की तो काचेशी येऊन अख्खं अंग हलवायचा. मला वाटायचं, बिचारा उपाशी आहे. मी चिमूटभर दाणे टाकायचे. सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशींना वाटायचं, रात्रभर उपाशी होता. डॉक्टरबाईंना घरी जाताना वाटायचं, आता रात्रभर उपाशी राहणार. पेशंटांना तर बसल्या बसल्या काहीतरी उद्योग हवाच असतो. एका मुलीने त्याला बिस्किटाचा चुरा घातला आणि तिच्या आईने कौतुकाने त्याचा फोटो काढला. मनाने सगळेच चांगले, पण अति तिथे माती.

त्याच दिवसांत घरी माझी लढाई वेगळीच चालली होती. माझे बाबा तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढले. वारा सुटलेला असताना खांबावर उभे राहून खालच्या माणसांशी गप्पा मारणारा माणूस. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले, आणि पाठोपाठ त्यांचे उरलेले दातही गेले. दोन वर्षांत वजन एकसष्ट किलोंवरून सत्तेचाळीसवर आलं. कवळीमामांनी त्यांना एक कवळी करून दिली, ती टोचते म्हणाले. दुसरी करून दिली, तीही टोचते म्हणाले. दोन्ही कवळ्या फडताळात पाण्याच्या वाडग्यात हसत पडल्या होत्या. पुढे नवरदेव येऊन तीन महिने होत आले तेव्हा आमच्या फॅमिली डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, दीड महिन्यात वजन वाढायला लागलं नाही तर नाकातून नळी घालून भरवावं लागेल. बाबांनी ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी त्याच संध्याकाळी कवळीमामांना तिसरी कवळी करायला सांगितली. ती बसली नाही तर नळी. यापलीकडे माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

कवळीमामा म्हणजे आमच्याकडे कवळ्या करणारे. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर आहे, पण ते वाचलं की मलाच क्षणभर कळत नाही हा कोण माणूस. दवाखान्याच्या मागे त्यांची खोली आहे, आठ बाय दहाची. एक लांब टेबल, वाकवता येणारा दिवा, घासायचं यंत्र, आणि भिंतीवर फळीमागे फळी, त्यांवर लोकांच्या तोंडांचे प्लास्टरचे साचे. आत गेलं की रसायनाचा उग्र वास नाकात बसतो. मामांच्या केसांवर कायम प्लास्टरची पांढरी भुकटी असते, त्यामुळे त्यांचे केस नेमके कधी पिकले हे कोणालाच माहीत नाही.

कामात हा माणूस कसा, ते सांगते. कोणाची कवळी करायची झाली की मामा त्या माणसाचा जुना फोटो मागतात, हसतानाचा. लग्नातला असो, सहलीतला असो. तो फोटो दिव्याखाली धरून भिंगातून बघत बसतात. एखादा दात पुढे असेल, दोन दातांत फट असेल, तर ती तशीच ठेवतात. "सरळ दात कोणाचे नसतात. सरळ केले की खोटे दिसतात," एवढंच म्हणतात. एक आजीबाई नवी कवळी घालून आरशात बघायला लागल्या आणि रडायलाच लागल्या. मी घाबरून विचारलं, दुखतंय का? त्या म्हणाल्या, "नाही गं, मी दिसले." त्या दिवशी मामा खोलीतून बाहेरच आले नाहीत. कोणी आभार मानायला लागलं की त्यांना अचानक फार काम असतं.

दोष नाहीत असं नाही. वेळ पाळायची म्हणाल तर शून्य. गुरुवारी देतो म्हणाले की कोणता गुरुवार ते विचारून घ्यावं लागतं. आणि उशिराबद्दल बोललं तर वाद घालत नाहीत, नुसते बघतात. त्या बघण्याचा मला भयंकर राग येतो.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी नवरदेव बरणीच्या तळाशी आडवा पडलेला दिसला. पोट वाटाणा गिळल्यासारखं फुगलेलं. डॉक्टरबाई हळहळल्या आणि म्हणाल्या, "अगं, पेशंट यायच्या आत हलव त्याला. आपण दुसरा आणू." मी बरणी उचलली आणि मामांच्या खोलीत नेली. कारण एवढंच की दिवा आणि भिंग तिथेच होतं.

मामांनी कपाळावरचं भिंग डोळ्यांवर ओढलं आणि बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "खातो काय हा?"

"दाणे."

"आणि?"

"आणि काय? दाणे."

"कोण घालतं?"

मी मोजायला लागले. मी, मावशी, डॉक्टरबाई, पेशंट. मोजता मोजता माझा आवाज बारीक होत गेला. मामांनी डब्यातला एक दाणा चिमट्याने उचलला, औषध कालवायच्या इवल्याशा काचेच्या वाटीत पाणी घेऊन त्यात टाकला आणि स्वतःच्या कामाला लागले. दहा मिनिटांनी वाटी माझ्यापुढे सरकवली. दाणा फुगून दुप्पट झाला होता.

"हे आत जाऊन असं होतं. आणि याचं पोट केवढं असतं ठाऊक आहे, ताई? याच्या डोळ्याएवढं."

मी माशाचा डोळा बघितला. मोहरीपेक्षा जरासा मोठा असेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामांनी त्याला तीन दिवस लंघन सांगितलं. रात्रभर ठेवलेलं पाणी, तेही कोमट, आणि पोटात काही म्हणजे काही नाही. दुसऱ्या दिवशी तो जरा हलायला लागला आणि माझ्याकडे बघायला लागला. माझ्याच्याने राहवलं नाही, मी गुपचूप दोन दाणे टाकले. मामा जेवून आले, बरणीत बघितलं, आणि मला काहीही न विचारता दाण्यांचा डबा स्वतःच्या खणात ठेवून किल्ली खिशात टाकली.

"अहो मामा, भुकेला होता तो!"

"भूक नव्हे ताई, सवय. माणूस दिसला की हलायचं, हे तुम्हीच शिकवलंय त्याला."

मावशींनी दुसऱ्या दिवशी उकडलेल्या मटाराचा दाणा आणून दिला. माशाचं पोट त्याने साफ होतं असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मामांनी तो घेतला आणि सोलून स्वतःच खाल्ला. "हा मांसाहारी जीव आहे मावशी. पाण्यावरचे किडे, अळ्या खाणारा. याला मटार म्हणजे मला प्लास्टर."

चौथ्या दिवशी नवरदेव सरळ पोहायला लागला. कोणी दुसरा असता तर डबा परत देऊन मोकळा झाला असता. पण मामांचं तसं नाही. एकदा एखादं तोंड त्यांच्या हाती आलं की ते सोडत नाहीत, मग ते माशाचं का असेना. माशांच्या दुकानात ते तीनदा जाऊन आले. बरणी काढून टाकून झाकणाची, ऐसपैस काचेची पेटी आणली, पाणी कोमट ठेवणारी दांडी बसवली. आणि अपॉइंटमेंटच्या कार्डामागे बारीक अक्षरात आठवड्याचं जेवण लिहून ते कार्ड पेटीवर चिकटवलं. दाणे आता फक्त सोमवारी आणि गुरुवारी, मोजून चार, तेही आधी भिजवून. मंगळवारी डाफ्निया, म्हणजे पाण्यात उड्या मारणाऱ्या पिसवांसारखे बारीक जीव. त्याने पोट साफ राहतं. बुधवारी डासांच्या अळ्या. शुक्रवारी खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीची इवली पिल्लं. शनिवारी गोठवलेल्या वडीतल्या लाल अळ्या, दोन, फार तर तीन, कारण त्या पचायला जड. रविवारी दवाखाना बंद, तसं नवरदेवाचं पोटही बंद. खाली ठळक अक्षरात: 'मामांखेरीज कोणीही काहीही घालू नये.' कोणीही या शब्दाखाली रेघ होती. ती माझ्यासाठी होती हे सगळ्यांना कळलं.

बुधवारच्या अळ्या येतात कुठून, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला डॉक्टरबाईंना, त्या गच्चीवर फोनवर बोलायला गेल्या तेव्हा. टाकीच्या मागे जाळी लावलेली बादली, आणि बादलीत शेकडो वळवळणाऱ्या अळ्या. बाई जिन्यातूनच ओरडत खाली आल्या. "मामा! दवाखान्याच्या गच्चीवर डासांची शेती लावलीत तुम्ही?" मामा म्हणाले, पंख फुटायच्या आत गाळून घेतो, उरलेलं उन्हात ओततो, आजवर एक डास उडालेला नाही. बाई म्हणाल्या, एक उडाला तरी मला उत्तर द्यावं लागेल. या बाबतीत मी बाईंच्या बाजूची होते आणि तसं तोंडावर सांगितलं. मामांनी बादली ओतली. पण हार मानतील तर शपथ. आठवड्याभरात त्यांच्या खिडकीत हिरव्या पाण्याची मोठी बरणी आली आणि त्यात डाफ्नियांची वसाहत वाढायला लागली. औषधांच्या फ्रीजमध्ये कोपऱ्यात एक बंद डबी आली, तिच्यावर 'मासा' असं लिहिलेलं. आणि बुधवारच्या अळ्याही परत आल्या, दुकानातून, गोठवलेल्या.

एवढं सगळं करून नवरदेवाने काय करावं? रुसावं. पहिल्याच मंगळवारी त्याच्यापुढे डाफ्निया नाचत होते आणि हा तोंड फिरवून दाण्यांची वाट बघत बसला. मामांनी भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं बघितली, नळीने सगळं परत ओढून घेतलं आणि गेले. ना चुचकारणं, ना रागावणं. कार्ड काहीही म्हणो, तो खाईपर्यंत रोज डाफ्नियाच; दुसऱ्या दिवशीही तेच. मी म्हटलं, "अहो, मरेल तो हट्टापायी." मामा म्हणाले, "हट्ट नाही ताई. इतके दिवस एकच चव, त्यामुळे हे खायचं असतं हेच त्याला ठाऊक नाही. दाखवत राहायचं." चौथ्या दिवशी त्यांनी मला खोलीतून हाक मारली. समोर सात पेशंट बसलेले, फोन वाजत होता, तरी गेले. माशाची पेटी त्यांनी टेबलावर आणून ठेवली होती. नवरदेवाने एक डाफ्निया तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला, पुन्हा थुंकला, आणि मग गिळला. मग दुसऱ्यावर झडप घातली. मामा माझ्याकडे बघून एवढे हसले की मला बाहेरचे सात पेशंट आठवेनात.

दोन महिन्यांत त्या माशाचा रंग असा उजळला की लोक विचारायचे, नवा आणला का? पेशंट आत बोलावलं तरी उठेनात. सगळे कार्ड वाचायचे, आज काय वार ते आठवायचे आणि मामा चिमटा घेऊन येईपर्यंत थांबायचे.

बाबांची तिसरी कवळी तयार झाली ती याच सुमारास. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीचे दहा दिवस तोवर गेले होते. टोचते म्हणून त्यांना मी एक दिवसाआड दवाखान्यात आणत होते. मामा त्यांना निळा कागद चावायला द्यायचे. कवळी जिथे जास्त लागते तिथे निळा डाग पडतो, तेवढं घासायचं. मग बाबा बाहेर येऊन पेटीसमोरच्या खुर्चीत बसायचे आणि माझं काम संपेपर्यंत मासा बघायचे. एकदा कार्ड वाचून म्हणाले, "याला मंगळवारी वेगळं, शुक्रवारी वेगळं. बरं आहे बुवा याचं." मी मोठ्याने हसले आणि दिवसभर पेशंटांना तो विनोद म्हणून सांगितला.

पाचव्या खेपेनंतर मामांनी मला खोलीत बोलावलं. बाबांच्या तोंडातला निळा कागद त्यांनी टेबलावर ठेवला होता.

"ताई, कवळी कुठेच लागत नाहीये. परवाही लागत नव्हती. मी नुसतं यंत्र फिरवून परत देत होतो, काय म्हणतात ते बघायला."

"म्हणजे बाबा खोटं बोलतात?"

"नाही. आज मासा जेवत होता तेव्हा मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांचं तोंड चालत होतं. दोन्ही बाजूंनी, नीट." मामांनी निळा कागद बाजूला सरकवला. "घरी काय देता त्यांना?"

मी सांगितलं. दूध-बिस्कीट कुस्करून. भाज्या मिक्सरमधून काढून, गाळून. भातही मिक्सरमधून. सोसेल असं मऊ.

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

मामांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी वर म्हटलंच आहे, त्या बघण्याचा मला राग येतो. त्या दिवशी तर तो मस्तकातच गेला. "तुम्ही कवळ्या करा मामा, माझा स्वयंपाक मी बघते! नऊ ते सात इथे राबून घरी गेल्यावर बापाला भरवणं काय असतं ते तुम्हाला नाही कळायचं," असं बरंच काही बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. मामांनी ऐकून घेतलं आणि दिवा बंद केला.

चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी ओट्याशी उभी राहून मिक्सरचं झाकण उघडलं आणि आत बघितलं. काल काय होतं, परवा काय होतं, आठवून बघितलं. दोन वर्षांचं सगळं एकाच रंगाचं होतं. माझ्या बापाला मी वाईट वागवलं नाही, हे मला माहीत आहे. वेळच्या वेळी, चमच्याने, तोंड पुसून भरवलं. पण दात नव्हते तेव्हा सुरू झालेलं जेवण दात आल्यावरही मी बदललं नव्हतं, कारण बटण दाबणं सोपं होतं. कवळी घालायला सांगायचे आणि पुढ्यात वाडगा ठेवायचे. दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे न देणारी मीच. वर सगळ्यांना सांगत फिरायचे, बाबा खातच नाहीत हो. मला लाज वाटली. माशावरून कोणी बापाला तोलू नये हे मलाही कळतं, पण त्या माशासाठी एक माणूस तीनदा दुकानात गेला होता, आणि मी माझ्या बापाला काय खावंसं वाटतं हे एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामांच्या दारात जाऊन उभी राहिले. माफी मागायची तयारी करून गेले होते, पण तोंडातून निघालं एवढंच: "कशापासून सुरुवात करू?"

मामांनी जणू आम्ही कालच बोललो होतो असं उत्तर दिलं. "गाजर. उकडलेलं, पण गाळ नाही करायचा, चावावं लागलं पाहिजे. करंगळीएवढे दोन तुकडे. तिसरा नको. दोन्ही बाजूंनी चावायला सांगा, पुढच्या दातांनी तोडायला नको. आवडायचं काय त्यांना?"

"पेरू. सालीसकट."

"पेरू विसरा. बी कवळीखाली गेलं की पुन्हा माझ्या नावाने शंख. नाही खाल्लं तर अर्ध्या तासाने ताट उचला. आणि ताई," ते म्हणाले, "बोलू नका."

बोलू नका! मला! पहिल्या संध्याकाळी बाबांनी गाजराकडे बघून विचारलं, "मिक्सर बिघडला का?" आणि हात लावला नाही. अर्ध्या तासाने मी ताट उचललं. ओठ इतका दाबून धरला होता की वळ उठला. मग त्यांना नेहमीचा वाडगा दिला; मासा तीन दिवस उपाशी राहील, बाबांना मी ठेवणार नव्हते, मामांनीही तसं सांगितलं नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी अंडं आणि फरसबीच्या उकडलेल्या शेंगांचे तुकडे. बाबांनी एक तुकडा तोंडात घेतला, फिरवला आणि बशीत काढून ठेवला. "टोचतं," म्हणाले. मुदतीचे अठरा दिवस उरले होते. मी मोरीत जाऊन रडले.

तिसऱ्या दिवशी दवाखाना सुटताना मामा म्हणाले, "आज मी येतो जेवायला." सोळा वर्षांत हा माणूस माझ्या घरी आला नव्हता. मी सगळं केलं: गाजर, शेंगा, अंडं, मऊ पाव, काकडीच्या पातळ चकत्या. मामा बाबांच्या समोर बसले. कवळीचं नाव काढलं नाही. बाबांनी माशाचं विचारलं, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. आपण काय सांगतोय यापेक्षा काकडीकडेच मामांचं लक्ष जास्त होतं. एकेक चकती ते सावकाश, मन लावून खात होते. बाबा त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

मधेच मामा थांबले. "काकडीचं बी," म्हणाले, उठले, आमच्या बेसिनपाशी गेले, आणि वरची कवळी काढून नळाखाली धरली. मग खालची. दोन्ही धुतल्या, झटकल्या, घातल्या, आणि परत येऊन बसले.

मी उभीच राहिले. मामांचा पुढचा एक दात किंचित वाकडा आहे. मला कधी शंकासुद्धा आली नव्हती.

बाबांनी विचारलं, "तुम्हालापण?"

"बावीस वर्षं झाली. वरचे, खालचे, सगळे."

"टोचते?"

"पहिलं वर्ष रोज टोचली. मीच केलेली, सांगणार कोणाला?" मामांनी पुढची चकती उचलली. "टोचत नव्हती खरं तर. तोंडात काहीतरी परकं आहे याचाच राग यायचा. मग खाण्यात लक्ष गेलं की तेवढ्यापुरतं विसरायला व्हायचं."

बाबा हसले. कवळीसकट, मोठ्याने हसले. त्या हसण्यातली दोन दातांमधली फट मी लहानपणी बघितलेली. मग त्यांनी हात पुढे केला, बशीतली एक चकती घेतली आणि चावली. तिचा आवाज झाला. मामांनी वर बघितलं नाही, म्हणून मीही बघितलं नाही. बाबांनी ती गिळली, मग गाजराचा तुकडा घेतला, मग अर्धं अंडं.

वजनाचं काय झालं ते सांगून टाकते. मुदत संपली तेव्हा काटा दीड किलो वर होता, आणि फॅमिली डॉक्टरांनी नळीचा विषय पुन्हा काढला नाही. पण मला त्या काट्याची तेवढी धाकधूक राहिली नव्हती. माझं काम त्या संध्याकाळीच झालं होतं. मामा निघाले होते, मी त्यांना दारापर्यंत सोडून परत आले आणि ताटं उचलायला लागले. बाबा अजून तिथेच बसले होते. मला वाटलं, आता टोचतं म्हणतील.

"उद्या काय आहे?" त्यांनी विचारलं.

दोन वर्षांत त्यांनी मला हे विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं मी काही ठेवलंच नव्हतं.

"तुम्ही सांगा," मी म्हटलं.

आणि बाबा विचार करायला लागले.